नावावरची गाडी

लायसनचं नूतनीकरण मोबाइलवर होतं, त्यासाठी कुठे जावं लागत नाही, असं सगळे सांगतात. माझं झालं नाही. डोळे तपासून झाले होते, चष्म्याच्या दुकानाने निकाल परस्पर सिस्टीममध्ये टाकला होता. शेवटचं बटण दाबल्यावर स्क्रीनवर लाल पट्टी आली. आपल्या ट्रॅफिक फाइलवर एक वाहन आहे, त्याची नोंदणी आणि विमा संपलेला आहे, केंद्रात येऊन भेटा.

माझ्याकडे गाडी नव्हती. दुबईत अल मनखूलमधल्या आमच्या इमारतीखाली पार्किंगचे पैसे भरायचे नाहीत म्हणून मी ती चार वर्षांपूर्वी विकली होती आणि तेव्हापासून कंपनीच्या बसने हमरिया फ्री झोनमध्ये जात होतो.

तो मंगळवार होता. पुढच्या सोमवारी मला दुबईपासून काही तासांवरच्या रुवैसला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. हमरियातलं आमचं ऑफिस बंद होत होतं. महाराष्ट्रात वर्तमानपत्राच्या डेस्कवर काही वर्षं काढल्यावर मी इथे आलो आणि कंपन्यांचे अहवाल लिहू लागलो. रुवैसच्या रिफायनरीत काम करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीला असाच माणूस हवा होता. प्लांटवर काही घडलं की जागेवर जायचं, पाहायचं, लिहायचं. ऑफर लेटरमध्ये एकच अट ठळक अक्षरांत होती: रुजू होण्याच्या दिवशी इथलं चालू लायसन हवं. वस्तीपासून प्लांटपर्यंत अवेळी बस नसते. लायसन नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल, असं एचआरच्या बाईंनी फोनवर विनयाने सांगितलं होतं. जुना व्हिसा महिनाअखेर रद्द होणार होता. मुलगी बारावीला होती.

केंद्रातल्या काउंटरवरच्या तरुणाने माझा आयडी घातला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. पांढरी सेडान, माझं नाव, माझा फाइल नंबर. खाली दंडांची यादी होती.

"ही मी विकली," मी इंग्रजीत म्हणालो.

"कुणाला?"

मी यादीतल्या दंडांच्या तारखा वाचू लागलो.

"सय्यारा फर्स्ट," तो म्हणाला. "रुखसा आफ्टर. इन्शाल्ला." आधी गाडी, मग लायसन. पासिंग करा, विमा काढा, नोंदणी चालू करा, मग या. पुढचा टोकन नंबर पुकारला गेला.

कुणाला विकली, हे मला माहीत होतं, पण ते काउंटरवर सांगण्यासारखं नव्हतं. हमरियात काम करणाऱ्या आपल्या लोकांमध्ये जुनी गाडी चावीने विकली जाते. घेणाऱ्याकडे पैसे हप्त्याने असतात, लायसन कधी असतं कधी नसतं, आणि नाव बदलायला दोघांनी कामाचा दिवस मोडून केंद्रात जावं लागतं. मग ठरतं की नाव नंतर बदलू. मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणीकार्ड, विकणाऱ्याच्या नावाने चालू राहतं. वर्षाने नूतनीकरणाची वेळ आली की गाडीवाला फोन करतो, 'ओटीपी आला असेल, सांगा' म्हणतो, आणि विकणारा चहा पिता पिता तो आकडा सांगून टाकतो. मी दोनदा सांगितला होता. ज्या नंबरवर ओटीपी यायचा ते सिम कंपनीचं होतं. कंपनीने सिम परत घेतलं आणि त्यानंतर मला कसलाही ओटीपी आला नाही, दंडाचा मेसेजही आला नाही. काही येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असा मी अर्थ काढला होता.

मी गाडी विकली होती ती गुहागरकडच्या एका वेल्डरला. तो कायमचा गावी गेला होता. संध्याकाळी त्याला फोन लावला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"ती गाडी होय?" तो म्हणाला. "ती मी मेसवाल्याला दिली की. चांगली चालते अजून. का हो?"

"विमा काढलाय का त्याने?"

"विमा तुमच्या नावावर ना साहेब? तो कसा काढील?"

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती बाहेर आली. "नाव बदल म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं?"

"बऱ्याच वेळा."

"म्हणजे आज रस्त्यावर कुणीतरी आपल्या नावाची गाडी चालवतोय, विम्याशिवाय. त्याने कुणाला उडवलं तर पोलीस कुणाच्या दारात येणार?"

मुलीने पुस्तकातून डोकं वर काढलं. "बाबा, इज धिस लाइक, जेल?"

"अभ्यास कर," बायको म्हणाली. 'नाही' असं मात्र ती तिला म्हणाली नाही.

बुधवारी दुपारी मी हमरियातल्या मेसवाल्याकडे गेलो. फ्री झोनच्या मागे, कामगारांच्या कॅम्पांच्या पलीकडे एका गोदामाच्या कडेला त्याने दोन खोल्या घेतल्या होत्या. तिथे त्याचे दोन भाऊबंद भात आणि मासे शिजवत, आणि हा ते गरम राहणाऱ्या मोठ्या पेट्यांत भरून कॅम्पाकॅम्पांत पोचवत असे. चाळिशीचा, राजापूरकडचा, बांध्याने बारीक माणूस. गाडी दारातच उभी होती. मागची सीट काढून टाकली होती. डिकीला दोरी बांधली होती. नंबरप्लेटवर वर्षाचा स्टिकर जुना होता, त्यावर मुद्दाम चिखल लावल्यासारखा वाटला.

मी माझं नाव सांगितलं. त्याने हातातली पळी ठेवली.

"अरे, मालक! या या. दोन वर्षं कार्डावर नाव वाचतोय, आज दर्शन झालं." आतल्या दोघांना हाक मारून तो म्हणाला, "गाडीचे मालक आलेत, खुर्ची द्या रे."

मी काम सांगितलं. तो ऐकत राहिला.

"मी मेन रोडला कधी जातच नाय," तो म्हणाला. "मागच्या रेतीच्या रस्त्याने जातो. तिकडं रडार नाय, पोलीस नाय."

"दंड आलेत."

"ते पहिले असतील. पहिले मला रस्ता माहीत नव्हता."

"लायसन आहे तुमच्याकडे?"

"रोड टेस्ट चालू आहे." त्याने बोटांनी चार दाखवले. "चार वेळा नापास. मास्तर म्हणतो, तू चांगला चालवतोस पण आरशात बघत नायस. मी बघतो हो. मान न हलवता बघतो, ते त्याला दिसत नाय."

आतले दोघे हसले. मी हसलो नाही. त्याच्या ते लक्षात आलं.

"गाडी नेणार काय?" त्याने सरळ विचारलं.

मला गाडी केंद्रात न्यायची होती. विमा नसलेली गाडी चालवत नेता येत नव्हती. रिकव्हरीच्या ट्रकवर टाकून न्यावी लागणार होती. पासिंग, विमा, नोंदणी, मग माझं लायसन. त्यासाठी गाडी आणि चावी दोन्ही लागणार होत्या, आणि दोन्ही त्याच्या ताब्यात होत्या. मी म्हणालो की काम झालं की गाडी परत तुमच्याकडेच येईल.

"शब्द?"

"शब्द."

तो शब्द मी पूर्ण विचार करून दिला नव्हता. मला सोमवारपर्यंत लायसन हवं होतं.

तिथूनच मी विम्याच्या एजंटला फोन केला. हा केरळचा माणूस, आमच्या ऑफिसच्या गाड्यांचं काम करायचा. गाडीचं वय ऐकून तो म्हणाला की फुल कव्हर कुणी देणार नाही, फक्त थर्ड पार्टी मिळेल, म्हणजे समोरच्याचं नुकसान तेवढं भरलं जाईल. तेवढंच हवं होतं. मग त्याने लायसनची कॉपी मागितली.

"भाई, ये तो एक्सपायर है."

"त्यासाठीच तर विमा हवाय."

"सिस्टम नहीं लेगा. लायसन चालू चाहिए, तब पॉलिसी."

"आणि पॉलिसी चालू असली तरच लायसन."

"हां," तो म्हणाला. "ऐसा ही है." मग तो म्हणाला, "घर में किसी का लायसन है? चलानेवाले का नाम दूसरा डाल सकते हैं. ओनर आप, ड्रायव्हर वो."

बायकोचं लायसन चालू होतं. लग्नानंतर तिने ते मोठ्या जिद्दीने काढलं होतं. घरी गाडी होती तेव्हा सुकाणूवर बहुतेक वेळा मीच असायचो.

रात्री जेवताना मी विषय काढला.

"माझं लायसन पाहिजे?" ती म्हणाली. "सलीकच्या टोलगेटखालून जाताना सुद्धा हँडब्रेकवर हात ठेवून बसायचास, मी चालवत असले की."

"कागदावर फक्त."

"कागदावर फक्त, म्हणूनच हे सगळं झालंय." तिने ताट बाजूला केलं. "किती लागतील?"

"सहाशेच्या आसपास."

"दिरहम. म्हणजे चौदा-पंधरा हजार. ठीक आहे. मी स्वतः येईन. सही मी समोर बसून करणार."

मुलगी म्हणाली, "मॉम, यू आर सो सॅव्हेज." बायकोने तिच्या ताटात भात वाढला.

शुक्रवारी सकाळी रिकव्हरीचा ट्रक हमरियाहून निघाला. मेसवाला ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बायकोने क्लिनिकमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. शुक्रवारी केंद्र नमाजाच्या आधी बंद होतं, तोपर्यंत सगळं व्हायला हवं होतं. शनिवारी त्यांचा तो विभाग बंद होता. रविवारी मला रुवैसची बस पकडायची होती.

पासिंगमध्ये गाडी पहिल्यांदा नापास झाली. मागचा एक लाइट बंद होता, आणि मागची सीट जागेवर नव्हती. सीट मेसवाल्याच्या खोलीत होती. त्यावर त्याचा एक भाऊ झोपत असे.

"फोन करतो," तो म्हणाला. "कुणाच्या तरी पिकअपमधून पाठवून देईल."

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं." इथे पंधरा मिनिटं म्हणजे काय, हे आम्ही तिघंही जाणून होतो. तो रस्त्यापलीकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून बल्ब घेऊन आला आणि स्वतःच बसवला. मग गेटपाशी जाऊन उभा राहिला. बायको विम्याच्या काउंटरसमोरच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली. मी घड्याळ पाहत होतो आणि पाहत नसल्यासारखं करत होतो.

सीट आली. वर गोधडी तशीच होती. ती काढून मेसवाल्याने, पिकअपवाल्याने आणि मी मिळून सीट बसवली आणि गाडी पुन्हा लाइनीत लावली. तपासनिसाने खाली वाकून पाहिलं, लाइट पाहिला, सीट हाताने हलवून पाहिली आणि हिरवा शिक्का मारला.

विम्याच्या काउंटरवर एजंट स्वतः आला होता. त्याने बायकोचा आयडी, लायसन स्कॅन केलं आणि टॅबलेट तिच्यापुढे धरला. ती सही करण्याआधी वाचू लागली. त्या काउंटरवर कुणी वाचत असावं असं वाटत नव्हतं. मागच्या माणसाने नाराजीचा आवाज काढला.

"हे काय आहे?" तिने एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, ये डिक्लेरेशन. गाडी सिर्फ लायसनवाला चलाएगा."

"आणि लायसन नसलेल्याने चालवली तर?"

"कंपनी सामनेवाले को पैसा देगी. वो तो कानून है, देना पडता है." तो माझ्याकडे पाहू लागला. "फिर कंपनी आपसे लेगी. ओनर से. पूरा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने सही केली.

पुढचं झटपट झालं. दंड भरले. नोंदणी चालू झाली. ज्या तरुणाने मंगळवारी मला परत पाठवलं होतं त्यानेच माझा आयडी पुन्हा घातला, एकदा स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "खलास." शेजारच्या यंत्रातून लायसन बाहेर आलं. ते गरम होतं.

बाहेर मेसवाला गाडीला टेकून उभा होता. त्याने हात पुढे केला.

"द्या मालक चावी. चार वाजता भात उतरतो. आता मेन रोडने जाईन, राजासारखा."

चावी माझ्या हातात होती. मी ती दिली नाही.

"तुम्हाला चालवता येणार नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मी एजंटने सांगितलेलं त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने बायकोकडे पाहिलं, कारण ती बोलणार आहे हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "चालवणारी म्हणून माझं नाव लिहिलंय. दुसरं कुणी चालवणार नाही अशी सही आहे माझी."

"वैनी, दोन वर्षं चालवतोय. कोंबडी पण मेली नाय माझ्या गाडीखाली."

"उद्या माणूस आला तर?"

"येईल कशाला?"

"येत नाही, तर विम्यात एवढं लिहून कशाला घेतात?"

तो माझ्याकडे वळला. "शब्द दिलावता तुमी."

"दिला होता."

"मग?"

"पाळता येत नाही." रुवैसला प्लांटवर कुणी जखमी झालं की कोणत्या परिस्थितीत, कुणाच्या परवानगीने, याचे अहवाल मी लिहिणार होतो. ते त्याला सांगून उपयोग नव्हता.

"मग गाडीचं काय करणार? इथं पुजणार?"

केंद्राच्या गेटबाहेर जुन्या गाड्या घेणारी माणसं फिरत असतात. त्यांच्यातला एक पेशावरी केव्हापासून आमच्या गाडीभोवती घिरट्या घालत होता. त्याच्याकडे डीलरची फाइल होती. नाव तिथल्या तिथे बदलून मिळणार होतं. मी मेसवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मला कशाला विचारता? कार्डावर नाव तुमचं." पण भाव त्यानेच केला, आणि चांगला केला. टायर महिन्यापूर्वीचे आहेत, एसी बर्फ पाडतो, असं सांगत त्याने पेशावऱ्याला दोनदा निघून जायला लावलं आणि दोनदा परत बोलावलं. मिळालेले पैसे मी त्याच्या हातात दिले. त्याने ते शर्टाच्या खिशात सारले.

काउंटर बंद व्हायच्या आत गाडी माझ्या फाइलवरून उतरली. पेशावरी ती घेऊन गेला. डिकीची दोरी हलत होती.

"आता पेट्या काय डोक्यावरून नेऊ?" मेसवाला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "भात लावलाय. सांगू काय लोकांना, मालकाने गाडी विकली, आज उपास करा?"

त्याच्या तोंडचा मालक हा शब्द सकाळपर्यंत गमतीचा होता.

बायको म्हणाली, "गाडी भाड्याने घे."

"आत्ता?"

"खिशात लायसन आहे ना? मी टॅक्सीने जाते."

त्याच गल्लीत भाड्याच्या गाड्यांचं दुकान होतं. तिथल्या मुलीने माझं नवं लायसन घेतलं, कार्डावर डिपॉझिट धरलं आणि विचारलं, सेकंड ड्रायव्हर? मेसवाला मागे उभा होता. "नाही," मी म्हणालो. विमा भाड्यातच होता.

हमरियापर्यंत मेसवाला शेजारी बसून खिडकीबाहेर पाहत होता. चार वर्षांनी मी इतक्या लांबवर चालवत होतो; बहुतेक वेळ उजव्या लेनमध्ये राहिलो. एकदा एक ट्रेलर फार जवळून गेला तेव्हा त्याने दरवाज्याच्या वरचं हँडल धरलं आणि लगेच सोडलं.

पेट्या भरून तयार होत्या. मागच्या सीटवर प्लास्टिक पसरून आम्ही त्या ठेवल्या. सीट दुमडेना, म्हणून एक पेटी त्याने मांडीवर घेतली. बांगड्याच्या कालवणाचा वास गाडीभर झाला. मी रेतीच्या रस्त्याकडे वळणार होतो.

"सरळ," तो म्हणाला. "मेन रोडने. आता तुमाला कुणाची भीती?"

पहिल्या कॅम्पाच्या गेटपाशी सात-आठ जण वाट पाहत बसले होते. एकाने गाडी पाहून शिट्टी वाजवली. "काय रे, नवीन गाडी? लॉटरी लागली काय?"

"गाडी भाड्याची," मेसवाला पेटी उतरवत म्हणाला. "ड्रायव्हर पण भाड्याचा."

"ड्रायव्हर चष्मेवाला आहे रे!"

"शिकलेला आहे. दोन्ही आरशांत बघतो, मान हलवून."

ते हसले. एकाने माझ्या खिडकीपाशी येऊन विचारलं, "पगार किती देतो हा?" मी म्हणालो, "जेवण." त्यावर ते आणखी हसले. मेसवाला हसला नाही, पण त्याने झाकण उघडून एक तळलेला बांगडा कागदात गुंडाळला आणि डॅशबोर्डवर ठेवला.

शेवटच्या कॅम्पाशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रिकाम्या पेट्या घेऊन आम्ही परत त्याच्या खोलीपाशी आलो. त्याने प्लास्टिक गोळा केलं, ओल्या फडक्याने मागची सीट दोनदा पुसली, वाकून वास घेतला आणि तिसऱ्यांदा पुसली.

"डिपॉझिट कापतील नायतर," तो म्हणाला.

"पाचवी टेस्ट कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात." फडकं पिळत तो म्हणाला, "तुमी उद्या येणार नाय ना?"

"नाही. उद्या सामान भरायचंय. परवा निघतो."

त्याने मान डोलावली. खिशातून फोन काढला, कुणाचा तरी नंबर लावला आणि दारातल्या उलट्या पातेल्यावर बसला. मी गाडी वळवत होतो. खिडकी उघडी होती, त्यामुळे ऐकू आलं.

"नाय रे, नुसती गाडी नको," तो फोनवर सांगत होता. "गाडीसकट माणूस पायजे. लायसनवाला. संध्याकाळचे दोन तास... हां, पैसे देईन ना. चालू आहे काय त्याचं लायसन, ते आधी विचार."